मैदान नंतर, प्रशिक्षक आधी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तेव्हापासून जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या नकाशावर बोईसर स्थानक आले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. विकासाच्या या यादीत खेळाचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे क्रीडासंकुल. धावमार्ग, प्रेक्षागृह, तरणतलाव आणि दर्शनी भागात कोनशिला. ते उभे राहीपर्यंत मुलांनी काय करायचे आणि उभे राहिल्यावर त्यांना तेथे शिकवणार कोण, हे दोन प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. त्यांचे एक उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी, सात-आठ दशकांपूर्वीच्या मॉस्कोत सापडते.

आइस हॉकी हा खेळ महाराष्ट्राला परका आहे. गोठलेल्या पृष्ठभागावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, रबरी चकती प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात मारण्याचा हा खेळ कॅनडात वाढला. सोव्हिएत संघात या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबर १९४६ मध्ये झाली. त्याआधी रशियन खेळाडू मोठ्या मैदानावर चेंडूने खेळला जाणारा ‘बँडी’ नावाचा बर्फावरचा खेळ खेळत. युद्धाने देश उद्ध्वस्त झाला होता, साहित्याची टंचाई होती आणि सरावासाठी हिवाळ्यातील नैसर्गिक बर्फाखेरीज फारसे काही हाती नव्हते. तरीही १९५४ साली प्रथमच विश्वविजेतेपद स्पर्धेत उतरलेल्या या संघाने स्टॉकहोम येथे कॅनडाला ७-२ असे हरवून सुवर्णपदक पटकावले. १९५६ च्या आरंभी हिवाळी ऑलिम्पिकचे सुवर्णही त्यांनी जिंकले. मॉस्कोतील लुझ्निकीचे भव्य बंदिस्त क्रीडागृह त्याच वर्षी, पण त्यानंतर खुले झाले. म्हणजे विजेतेपद आधी आले आणि वास्तू नंतर.

टंचाईतून जन्मलेले शास्त्र

या यशामागे ज्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते ते अनातोली तारासोव्ह (१९१८-१९९५). कॅनडाची नक्कल करणारा कायम कॅनडाच्या मागेच राहील, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांनी खेळाचा विचार मुळापासून केला. उन्हाळ्यात बर्फ नाही, तर सराव जमिनीवर करायचा. वजने उचलणे, कोलांट्या, फुटबॉल, चढावरची धाव, सहकाऱ्याला पाठीवर घेऊन पळणे असे सारे काही त्यात होते. बॅले नर्तकांचा तोल आणि बुद्धिबळपटूंची दूरदृष्टी यांतूनही त्यांनी धडे घेतले. लॉइड पर्सिव्हल या कॅनेडियन प्रशिक्षकाचे १९५१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक खुद्द कॅनडात दुर्लक्षित राहिले. तारासोव्ह यांनी मात्र ते बारकाईने अभ्यासले.

खेळाच्या शैलीतही हाच विचार दिसतो. कॅनडाचा भर धडक, ताकद आणि एकट्याच्या मुसंडीवर होता. सोव्हिएत संघ पाच जणांचा एक गट एकत्र घडवी. चकती कोणाकडे आहे यापेक्षा चकती नसलेले चौघे कोठे धावत आहेत, याला त्यात अधिक महत्त्व असे. अर्कादी चेर्निशेव्ह आणि तारासोव्ह या जोडीच्या मार्गदर्शनाखाली १९६३ ते १९७१ अशी सलग नऊ वर्षे विश्वविजेतेपद सोव्हिएत संघाकडे राहिले. १९७२ च्या आठ सामन्यांच्या मालिकेत कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू प्रथमच समोर आले. ती मालिका कॅनडाने चार विजय, तीन पराभव आणि एक बरोबरी अशी कशीबशी जिंकली; पण माँट्रियल येथील पहिल्याच सामन्यातील ७-३ अशा पराभवाने कॅनडाला आपली प्रशिक्षणपद्धती नव्याने तपासावी लागली.

या इमारतीचा पाया वस्त्यावस्त्यांत होता, हे अनेकदा विसरले जाते. १९६४ साली मुलांसाठी ‘सोनेरी चकती’ नावाची स्पर्धा सुरू झाली. गल्लीतील, शाळेतील मुलांचे संघ त्यात उतरत. निवड या रुंद पायातून होई. त्याच काळात लेव्ह मात्वेयेव्ह यांच्यासारख्या सोव्हिएत अभ्यासकांनी वर्षभराच्या सरावाची टप्प्याटप्प्याने आखणी करण्याचे शास्त्र मांडले. आधी पायाभूत क्षमता, मग खेळाचे विशेष कौशल्य, मग स्पर्धा आणि शेवटी विश्रांती, हा क्रम आज जगभर पाळला जातो.

त्या पद्धतीची काळी बाजू

मात्र या वारशाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९७७ पासून व्हिक्तर तिखोनोव्ह यांच्या हाती सूत्रे आली. त्यांच्या सेनादलाच्या संघाने सलग बारा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, परंतु खेळाडूंना वर्षातील दहा-अकरा महिने शिबिरात, कुटुंबापासून दूर ठेवले जाई. लष्करी सेवेच्या नावाखाली देशातील कोणताही गुणी खेळाडू या संघात ओढता येत असे. १९८८ साली इगोर लारिओनोव्ह यांनी ‘अगन्योक’ साप्ताहिकात खुले पत्र लिहून या कारभाराविरुद्ध जाहीर तक्रार केली. पुढच्याच वर्षी ते आणि व्याचेस्लाव फेतिसोव्ह अमेरिकी साखळीत खेळायला गेले. पुढे डेट्रॉइटच्या संघात पाच रशियन खेळाडू एकत्र आले आणि १९९७ मध्ये त्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. तारासोव्ह यांनी घडवलेली शैली तुरुंगासारख्या शिबिराविनाही जिंकू शकते, याचा तो पुरावा होता. म्हणूनच या वारशाची फोड करावी लागते. एक भाग ज्ञानाचा, दुसरा हुकुमाचा. पहिला घेण्याजोगा, दुसरा टाकण्याजोगा.

महाराष्ट्राचा अनुभव

हा भेद महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिला आहे, मात्र बर्फावर नव्हे, धावमार्गावर. सोव्हिएत परंपरेत मुरलेले बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांनी अनेक वर्षे भारताच्या मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंना घडवले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत हिचा पाया नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांनी घातला होता. राष्ट्रीय शिबिरात ती स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर मॅरेथॉन धावत असे. स्नेसारेव्ह यांनी तिला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम नोंदवून तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. १९८४ मधील पी. टी. उषा हिच्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ऑलिम्पिकच्या धावमार्गावर अंतिम शर्यतीत दिसली.

याच प्रशिक्षकाशी बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे जमले नाही. सरावाचा तो भार आपल्या शरीराला मानवत नाही, असे जाणवल्यावर २०१८ मध्ये तो सेनादलाचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे परतला. त्याच वर्षी त्याने १९८१ पासून अबाधित असलेला गोपाल सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझू येथे आशियाई सुवर्ण आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी असा त्याचा प्रवास झाला. स्नेसारेव्ह यांचे मार्च २०२१ मध्ये पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत निधन झाले. एकाच पद्धतीने ललिताला घडवले आणि अविनाशला ती सोडावी लागली, यात कोणा एकाचा दोष नाही. पद्धत शास्त्रशुद्ध असली तरी ती प्रत्येक शरीराला जोखून वापरावी लागते आणि नको म्हणण्याचा अधिकार खेळाडूकडे असावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

बोईसरच्या वाऱ्यात, जव्हारच्या चढावर

या पार्श्वभूमीवर पालघरकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत डोंगरउताराची चाल आणि अंगमेहनत मुलांच्या रोजच्या जगण्यातच आहे. आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळांचे जाळे येथे आहे. म्हणजे मुले एका ठिकाणी राहतात, जेवतात, शिकतात. सोव्हिएत व्यवस्थेला जो रुंद पाया वस्त्यांमधून शोधावा लागला, तो येथे शाळेच्या हजेरीपटावरच सापडतो. अशा शाळांतील मुले काय करू शकतात, हे मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर करून दाखवले आहे. त्या मोहिमेआधी त्यांना मिळाले ते पद्धतशीर प्रशिक्षण.

पावसाळ्याचे चार महिने मैदानात चिखल असतो, ही नेहमीची सबब. पण तारासोव्ह यांच्यापुढे उन्हाळ्यात बर्फ नसण्याची जी अडचण होती, तीच ही. बर्फाविना सराव करण्याची जी रीत त्यांनी रूढ केली, ती मराठी माणसाला नवी वाटू नये. जोर, बैठका, मल्लखांब, दोरउड्या या तालमीतल्या गोष्टी शाळेच्या पडवीतही होतात. लागतो तो मुलाचे वय, वजन आणि थकवा यांची नोंद ठेवणारा, वर्षाचा आराखडा आखणारा जाणता क्रीडा मार्गदर्शक. तोच बहुतेक ठिकाणी नसतो. क्रीडाशिक्षकाकडे इतर विषयांचे तास आणि कार्यालयीन कामे सोपवली जातात आणि खेळ स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यापुरता उरतो.

अर्थात, आराखडा कागदावर आखून भागणार नाही. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी स्थलांतर करतात. मुलेही सोबत गेली तर सरावाचा क्रम तेथेच तुटतो. कुपोषणाशी झुंजणाऱ्या तालुक्यांत पोषणाची सोय न करता सरावाचा भार वाढवणे तर सरळसरळ अपायकारक ठरेल. बोईसर-तारापूरमध्ये प्रश्न हवेचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. धावणारे मूल बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी पट हवा आत घेते. कामगारवस्तीतील मुलांना मैदान देणाऱ्याने त्या मैदानावरच्या हवेचीही जबाबदारी घेतली पाहिजे.

पैशाचा प्रश्न मात्र येथे तितकासा अवघड नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि ग्रामीण तसेच ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत स्पष्टपणे नमूद आहे. १९६९ पासून वीज देणारा अणुऊर्जा प्रकल्प आणि मोठी औद्योगिक वसाहत ज्या पट्ट्यात आहे, तेथे या तरतुदीतून गणवेश आणि करंडक वाटण्यापेक्षा दहा-बारा प्रशिक्षकांचे पाच वर्षांचे मानधन उभे करणे अधिक मोलाचे ठरेल. करंडक छायाचित्रात दिसतो, प्रशिक्षक दिसत नाही, हीच काय ती अडचण.

या साऱ्यात एक सावधगिरी हवी. निवासी शाळा, एकाच छताखालची मुले आणि पदकाची घाई यांतून तिखोनोव्ह यांचे शिबिर घडायला वेळ लागत नाही. पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेल्या प्रशिक्षणाबरोबर उत्तेजकांचे संकटही भारतात शिरले. २०११ मध्ये महिला रिले संघातील धावपटू चाचणीत दोषी आढळल्यावर युक्रेनी प्रशिक्षकाला पदावरून दूर करावे लागले होते. आश्रमशाळेतील मुलांच्या बाबतीत तर पालक दूर असतात आणि प्रश्न विचारणारा जवळ कोणी नसतो. म्हणून शिक्षण न तोडणारे वेळापत्रक, नियमित वैद्यकीय तपासणी आणि खेळ सोडण्याचे स्वातंत्र्य या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात.

भारतात खुद्द आइस हॉकीचा अनुभवही हेच सांगतो. लडाखच्या मुली वर्षानुवर्षे हिवाळ्यातील जेमतेम दोन महिन्यांच्या गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ शिकल्या. प्रामुख्याने त्यांच्याच बळावर भारतीय महिला संघाने २०२५ च्या आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पालघरमध्ये क्रीडासंकुले व्हावीत, जरूर व्हावीत. पण कोनशिला बसण्याची वाट पाहत थांबलेल्या मुलांचे वय थांबत नाही. आज बारा वर्षांची असलेली मोखाड्याची मुलगी निविदा मंजूर होईपर्यंत अठराची होईल. तिच्या हाताशी पुढच्या जूनपासून एक जाणता प्रशिक्षक आणि पोटभर सकस जेवण असेल की नाही, याचा निर्णय जिल्हा आजही घेऊ शकतो.