तारुण्य सरले, पीटिका उरल्या

मुरुमांना मराठीत ‘तारुण्यपीटिका’ असे गोंडस नाव आहे. तारुण्याचा भर ओसरला की त्याही ओसरतात, हा गैरसमज त्या नावानेच रूढ केला. वस्तुस्थिती निराळी आहे. तिशी-चाळिशीतही, विशेषतः स्त्रियांच्या हनुवटीवर व जबड्याच्या कडेला, त्वचेखाली खोल ठणकणाऱ्या गाठी येतात. संप्रेरकांचा प्रभाव, तेलग्रंथींचा वाढलेला स्राव आणि बुजलेल्या रंध्रांतील दाह ही त्यांची कारणे होत. अस्वच्छतेचा दोष त्यांत नाही. तरीही वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला ‘चेहरा धूत जा’ हा उपदेश निमूटपणे ऐकावा लागतो.

उपदेशाहून घातक आहे ते शेजारधर्माने सुचविलेले मलम. स्टेरॉइडयुक्त मलमाने चार दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली पसरते आणि मलम थांबविताच मुरूम अधिक जोमाने उसळतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ औषधांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. परंतु चिठ्ठी न विचारणारा दुकानदार आणि ती न आणणारा ग्राहक यांचे साटेलोटे असेल, तर हे बंधन कागदावरच राहणार.

या विकारावर खात्रीचे उपाय आहेत. मात्र त्यांना दोन-तीन महिन्यांचा अवधी लागतो. आयसोट्रेटिनॉइनसारखे गुणकारी औषध गर्भास अपायकारक असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. धीर धरण्याचा सल्ला कोणाला रुचत नाही, हे खरे. पण उतावळ्या नखांनी उमटविलेला व्रण जन्मभर सोबत करतो.