भडक्याआधीचा धूर

‘असंतोषाचा अकस्मात भडका’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून व सरकारी पत्रकांतून इतका सरसकट योजला जातो की, त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. असंतोष अकस्मात निर्माण होत नाही. भडकण्यापूर्वी तो धुमसत असतो. मराठीने या दोन अवस्थांना दोन निराळी क्रियापदे दिली आहेत, ती उगीच नव्हेत. धुमसणाऱ्या विस्तवाला ज्वाला नसते, परंतु धग असते आणि धूरही असतो. ज्याला पाहावयाचे आहे, त्याला तो दिसतो.

या शब्दाचा अर्थ महाराष्ट्र स्वानुभवाने जाणतो. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला. पुढे परिषदा भरल्या, निवेदने गेली, राज्य पुनर्रचना आयोगापुढे बाजू मांडून झाली. तरीही १९५५ साली आयोगाने मुंबई राज्य द्विभाषिक ठेवण्याचीच शिफारस केली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला; जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पेटले. नऊ वर्षे धुराकडे पाठ फिरवून बसलेल्यांना ज्वाला मात्र ‘अकस्मात’ वाटल्या! या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. १ मे १९६० रोजी जे द्यावे लागले, ते या बळींवाचून देता आले नसते काय?

प्रत्येक मागणी मान्य करणे हे शासनाचे कर्तव्य नव्हे, असे कोणी म्हणेल. ते आम्हासही मान्य आहे. परंतु प्रत्येक मागणी ऐकून घेणे आणि नकार द्यावयाचा असल्यास तो सकारण व वेळेवर देणे, हे कर्तव्य कोणत्याही लोकशाही शासनाला टाळता येणार नाही. लोक गप्प आहेत म्हणजे ते समाधानी आहेत, असा हिशेब मांडणारा राज्यकर्ता राखेलाच विझलेला विस्तव समजत असतो.

यात आम्हा सुशिक्षितांचाही वाटा आहे. अर्ज-विनंत्या चालू असतात तोवर आम्ही उदासीन राहतो आणि दगड पडू लागले की शिस्तीचे पाठ देतो. ज्या बेळगावात तो ठराव झाला, ते आजही महाराष्ट्राबाहेर आहे. २००४ साली महाराष्ट्राने या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तेथील धूर कोणाला दिसत नाही, असे कोणीही म्हणू नये.