नागनदीचे ऋण आणि नागपूरची भक्ती

नागपूर हे जेमतेम तीनशे वर्षांचे गाव. काशी-पैठणासारखी धार्मिक परंपरा त्याला कोठली, असा शेरा अधूनमधून ऐकू येतो. नागपूरकर तो मुकाट्याने ऐकून घेतात, हे अधिक खेदजनक आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२चा, म्हणजे इ. स. ९४०चा ताम्रपट वर्ध्याजवळच्या देवळी येथे सापडला आहे. त्यात 'नागपूर-नंदिवर्धन' या प्रदेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकनजीकचे नगरधन, वाकाटकांची राजधानी. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील पाचव्या शतकातील शिलालेखात देवालयाच्या जोडीने 'सुदर्शन' नावाच्या जलाशयाचाही निर्देश आहे. देव तेथे पाणी आणि पाणी तेथे देव, ही या भूमीची दीड हजार वर्षांची रीत आहे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून नगर वसविले, ते नागनदीच्या काठी. त्याने इस्लाम स्वीकारला होता. पण नगराला नाव राहिले ते नदीचेच. त्याचा पुत्र चांद सुलतान याने जुम्मा तलाव बांधला, तोच पुढे शुक्रवारी तलाव आणि आजचा गांधीसागर झाला. नंतर आलेल्या भोसल्यांनी महालात रुक्मिणी, मुरलीधर, कल्याणेश्वर अशी कोरीव दगडी मंदिरे उभारली. मंदिरांच्या पूजेसाठी तुळस व बेल हवा म्हणून बागाही राखल्या. तुळशीबाग आणि बेलबाग ही नावे त्याचीच साक्ष देतात. तेलंगखेडीला तलावाजवळ शिवालय उभे राहिले. जुन्या शुक्रवारीत राजघराण्याच्या समाध्या झाल्या, त्याही नदीकाठीच. देवालय, उद्यान आणि जलाशय यांचा एकत्र विचार करणारे हे राज्यकर्ते होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि मंदिरांच्या पाठीशी उभा असलेला राजाश्रय गेला. तथापि धर्मजीवन थांबले नाही. ते राजवाड्यातून रस्त्यावर आले. १८८१ पासून निघणारी काळी मारबत आणि तिच्यामागोमाग सुरू झालेली पिवळी मारबत हे त्याचे जिवंत उदाहरण.

पुढे याच नगरात रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना आपल्या शक्करदऱ्याच्या वास्तूत आदराने ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच भूमीवर लाखोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. नागपूरच का निवडले, याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात देताना त्यांनी प्राचीन नाग लोकांचा आणि येथून वाहणाऱ्या नागनदीचा दाखला दिला. गोंड राजा, मराठा सरदार आणि आधुनिक भारताचा घटनाकार यांना एका धाग्यात ओवणारी गोष्ट या शहरात एकच आहे आणि ती म्हणजे ही नदी.

त्या नदीचे आज काय झाले? नव्या पिढीला ती 'नाला' म्हणूनच ठाऊक आहे. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणारा भक्त पुढच्याच चौकात मंदिरासमोर हात जोडतो. घराघरांतील सांडपाणी तिच्यात सोडले जाते. काठ आक्रसले, पात्र बुजले. २०२३च्या सप्टेंबरात २२-२३ तारखेच्या रात्री अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नदीने आपली जागा परत मागितली. घराघरांतील देव्हारेही त्या पाण्यात बुडाले.

आणि हे पाणी नागपूरच्या वेशीवर थांबत नाही. नागनदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. हा संगम अंभोऱ्याचा. आद्यकवी मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथेच रचला, अशी विदर्भाची श्रद्धा आहे. मराठीच्या उगमाचे तीर्थ म्हणून ज्या स्थानापुढे मस्तक नमवायचे, तेथे उपराजधानीचे हे शहर आपला मैला पाठविते. यापेक्षा मोठी मूर्तिभंजकता कोणती?

हा विषय निघाला की एक आक्षेप तत्परतेने पुढे येतो. गणेशोत्सव आला की पर्यावरणाचा पुळका, मूर्ती आणि निर्माल्यावर बोट. हिंदूंच्या सणांवरच डोळा का? या तक्रारीत तथ्य आहे. नदी मारली ती वर्षाच्या दहा दिवसांच्या उत्सवाने नव्हे, तर तीनशे पासष्ट दिवसांच्या सांडपाण्याने. सणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे अर्धसत्य सांगतात, हे ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण मग उरलेले अर्धे सत्य कोणी सांगायचे? ते सांडपाणी परग्रहावरून येत नाही. नित्य स्नानसंध्या करणाऱ्या, स्नानाच्या तांब्यात सप्तनद्यांचे आवाहन करणाऱ्या सुसंस्कृत घरांतूनही ते येते. टीकाकारांचा दांभिकपणा दाखवून दिला म्हणजे स्वतःचा दोष धुतला जात नाही.

दुसरी सबब सरकारची. नागनदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांची केंद्रीय योजना मंजूर झाली आहे. महापालिका उन्हाळ्यात गाळ उपसते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु भोसल्यांनी बागा राखल्या त्या निविदा काढून नव्हे, तर पूजेची गरज म्हणून. नदी ही पूजेची गरज आहे असे समाजाला वाटेनासे झाले, तर कोटींच्या योजना पुढच्या पावसाळ्यात गाळाबरोबर वाहून जातील.

उपाय दुर्लभ नाहीत. प्रत्येक उत्सव मंडळाने मंडपाच्या खर्चातील एक हिस्सा आपल्या वस्तीजवळच्या घाटासाठी वा तलावासाठी ठेवावा. नव्या घराची वास्तुशांत करताना त्याचे सांडपाणी कोठे जाते, हे यजमानाने आधी विचारावे. जुन्या मंदिरांच्या कोरीव दगडावर तैलरंग फासणाऱ्या विश्वस्तांना भाविकांनीच रोखावे. शाळेच्या सहली रामटेकला जातात, तशा एकदा नागनदीच्या काठानेही जाव्यात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा नागपूरकर रोगराई, महागाई, भ्रष्टाचार अशा साऱ्या पीडांना गावाबाहेर हाकलतात आणि बडग्यांतून राज्यकर्त्यांची यथेच्छ टवाळी करतात. टवाळी करताना स्वतःच्या दाराकडे पाहण्याचे धैर्य या समाजात अजून शिल्लक असेल, तर एखाद्या वर्षीचा बडग्या नागनदीत मैला सोडणाऱ्या सद्गृहस्थाचाही निघावा. ज्या नदीने नगराला नाव दिले तिचे ऋण फेडल्याविना येथली कोणतीही आरती पूर्ण होत नाही.