विचार ऐकवताना घाई नको

घाटंजीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. हात आणि डोळे कामात, कान मोकळे. म्हणून वैचारिक पुस्तकं मी ऐकते. माझं ठाम मत आहे की, असं पुस्तक जाहिरातीच्या सुरात वाचू नये. पार्श्वसंगीत नको. अवघड वाक्यानंतर निवेदकाने क्षणभर थांबावं, कारण ऐकणाऱ्याच्या हाताशी मागचं पान नसतं.

विचार कानांनी घेणं आपल्याला नवं नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ आधी बोललं गेलं, मग छापलं गेलं. त्यातले साधे दाखले आजही ऐकताच उमगतात.

यशाची सूत्रं सांगणारी भाषांतरं मला हवी तेवढी मिळतात. पण मला इरावती कर्वे, दुर्गा भागवत, नरहर कुरुंदकर ऐकायचे आहेत. शेतमालाच्या भावाचं अर्थकारण मांडणारे शरद जोशी ऐकायचे आहेत. तेही संक्षेप न करता. कापूस वेचणाऱ्या बाईलाही विचारांची भूक असते. प्रकाशकांनी ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करावीत आणि तालुक्यातालुक्यांतल्या वाचनालयांनी ती सभासदांना ऐकायला द्यावीत.