आशेला कामाची जोड

रमजानचा महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे कोणालाच आधी ठामपणे सांगता येत नाही. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे लागतात. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. पण म्हणून त्या संध्याकाळी कोणी हातावर हात धरून बसत नाही. शिंप्याचे मशीन सुरूच असते. घरात शेवया भाजून ठेवलेल्या असतात, शीरखुर्म्याचा सुकामेवा चिरून ठेवलेला असतो आणि चंद्र दिसलाच नाही तर सहेरीला काय करायचे, हेही ठरलेले असते. दोन्ही शक्यतांसाठी घर तयार असते.

आजचे दिवसही अनेक घरांसाठी असेच अनिश्चित आहेत. फरक इतकाच, की त्यांचे उत्तर एका संध्याकाळी मिळत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या यंत्रमागाच्या गावांत सुताचे भाव चढले किंवा कापडाचा उठाव घसरला की सगळ्यांत आधी माग थांबतात. मागावरच्या कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. माग थांबला की त्या दिवसाची कमाईही थांबते. भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारा तरुण, दर महिन्याला कामाची मुदत वाढेल का याची चिंता करणारा कंत्राटी कामगार, पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी हे सारे त्याच रांगेत आहेत. अशा माणसाला ‘सकारात्मक राहा, कामात मन गुंतवा’ असे सांगणे सोपे आहे. पण हातात काम असेल तर मन गुंतेल. ते नसेल तर हा सल्ला जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटतो.

पवित्र कुरआनातील ‘इन्शिराह’ ही अवघ्या आठ आयतींची सूरह मक्केतील खडतर काळात अवतरली. अडचणीसोबत सुलभताही असते, हा दिलासा तिच्यात लागोपाठ दोनदा येतो. हा भाग अनेकांना तोंडपाठ असतो. मात्र त्याच्या लगेच पुढची आयत तितकीशी सांगितली जात नाही. एका कामातून मोकळे झालात की पुढच्या कष्टाला लागा, असा तिचा आशय आहे. हे कष्ट म्हणजे उपासना, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. तरीही क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दिलासा दिल्यावर स्वस्थ बसायला सांगितलेले नाही. आशा आणि परिश्रम एकाच श्वासात आले आहेत.

रमजानची दिनचर्या याच विचारावर उभी आहे. पहाटे सहेरीला उठणे, पाच वेळची नमाज, ठरल्या मिनिटाला इफ्तार, रात्री तरावीह. ज्याची नोकरी गेली त्यालाही या महिन्यात वेळेवर उठावे लागते आणि दिवसाला एक आकार राहतो. २०२० मध्ये टाळेबंदीत संपूर्ण रमजान गेला. मशिदींचे दरवाजे सामूहिक नमाजसाठी बंद होते, उद्या काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा घरोघरी तरावीह झाली आणि वेळापत्रकाने घरांना सावरून धरले. अर्थात, वेळ घालवणे आणि वेळ सत्कारणी लावणे यांत फरक आहे. इफ्तारपासून सहेरीपर्यंत मोबाइलवर बोट फिरवत राहणारा माणूसही गुंतलेलाच असतो, पण त्यातून मन हलके होत नाही.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या म्हणीतून मराठी समाजाने आळशी भक्तीची थट्टा केली आहे. इस्लामची शिकवणही वेगळी नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर विश्वास ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांध, मग विश्वास ठेव, असे सांगितले. श्रद्धा प्रयत्नांची जागा घेत नाही, हा त्याचा मथितार्थ.

मात्र ज्याच्याकडे बांधायला उंटच नाही त्याचे काय? मदीनेतील एक गरजू माणूस प्रेषितांकडे मागायला आला, त्याची हकिकत हदीसमध्ये आहे. घरात काय आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा एक वाडगा. प्रेषितांनी त्या दोन वस्तूंचा तिथेच लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे घरी धान्य न्यायला आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला त्याला सांगितले. तिला दांडा प्रेषितांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस इकडे दिसू नकोस, असे बजावले. तो परतला तेव्हा त्याच्या गाठीला दहा दिरहम होते. या प्रसंगात धीर धरण्याचा कोरडा उपदेश नाही. आधी घरातल्या भुकेची सोय झाली, मग हातात अवजार आले आणि त्यानंतर कष्टाची अपेक्षा केली गेली.

अनिश्चित काळात समाज असा दांडा बसवू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०२० च्या त्याच रमजानमध्ये इचलकरंजीतील मुस्लिम समाजाने जकात आणि दानातून सुमारे ३६ लाख रुपये जमवले आणि तेथील सरकारी आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. माग बंद होते, बाजार बंद होता, तरी हात बंद नव्हते. त्या खाटांवर कोणत्या धर्माचा रुग्ण येणार, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. भीतीच्या त्या दिवसांत शहराला धीर आला तो अशा कामामुळे.

जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के वाटा. तो बहुतेक जण रमजानमध्येच काढतात. धान्याची पिशवी आणि रोख मदत आवश्यकच आहे, भुकेल्याला आधी अन्नच हवे. पण त्यातला काही भाग शिलाई मशीन, हातगाडी, दुरुस्तीची अवजारे किंवा एखाद्या मुलीच्या परीक्षा शुल्कासाठी दिला, तर पुढच्या रमजानमध्ये घेणारे एक घर देणाऱ्यांच्या रांगेत दिसू शकते. आणि ज्याच्याकडे कामगार आहेत त्याने घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची प्रेषितांची ताकीद विसरू नये. मंदीच्या नावाखाली अडकवलेली मजुरी कोणत्याही इफ्तार पार्टीने फिटत नाही. हे कर्तव्य एका धर्माचे नाही. शेजारच्या बेकार तरुणाला चार दिवसांचे काम मिळवून देण्यासाठी रोजा असावाच लागतो असे नाही.

प्रलय समोर दिसत असताना हातात रोप असेल तर तेही लावून टाकावे, अशी प्रेषितांची शिकवण आहे. त्या झाडाची सावली कोणाला मिळणार, हा हिशेब त्यात नाही. उद्याचे कोणालाच माहीत नाही. पण आज ज्याच्या हातात रोप आहे त्याने ते लावावे आणि ज्याचा हात रिकामा आहे त्याला इतरांनी रोप द्यावे. आशा टिकते ती अशानेच.