ग्रुप फोटो आधी उरका!

सहलीचा ग्रुप फोटो गाडीतून उतरल्या उतरल्या उरकून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. त्या वेळी सगळ्यांचे कपडे जागेवर असतात, पोरं अजून चिखलात गेलेली नसतात आणि काकांना भूक लागलेली नसते. ओळीत उभं राहायचं, हसायचं, संपलं. फक्त अंगाने भरलेल्या मंडळींना टोकाला उभं करू नका. मोबाइलची लेन्स रुंद असते, कडेच्या माणसाला ती आणखी ताणते. मग त्या फोटोवरून वर्षभर बोलणी कुणी खायची? एकदा ही हजेरी लागली की फोटो काढणारा मोकळा होतो आणि बाकीचेही कॅमेरा विसरतात. ते विसरले की मगच काही मिळण्याची शक्यता.

परवा आम्ही सगळे वाईला गेलो होतो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, कृष्णेच्या घाटावर रेंगाळलो आणि तिथून मेणवली गाठली. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, मागे नदीवर घाट आहे. 2004 मध्ये ‘स्वदेस’ आला आणि हा घाट घरोघरी पोचला. आता तिथे पाय ठेवला की माणसं शाहरुख कुठे उभा होता ते शोधायला लागतात. शोधावं, त्यात काही वावगं नाही. पण घाटाचा, वाड्याचा, शिखराचा फोटो काढण्यात जीव घालवू नये. आपल्यापेक्षा चांगला कॅमेरा घेऊन, पहाटे उठून कुणीतरी तो कधीच काढून ठेवलाय. त्याच्याकडे आपली आत्या मात्र नव्हती.

घाटावर एका छोट्या देवळीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. जो येतो तो घंटेचा फोटो काढतो आणि पुढे जातो. मी घंटेकडे पाठ करून उभी राहिले. आत्या चष्मा कपाळावर चढवून, मान वर करून बघत होती. पदराचं टोक मुठीत, दुसऱ्या हाताला भाचा लोंबकळलेला. तो एकेक आकडा मोठ्याने वाचत होता. आत्याला मूर्ती दिसली. “अगं बाई, ही तर मेरीमाता!” असं म्हणत तिने सवयीने दोन्ही हात जोडले. भाच्याने तिच्याकडे बघितलं आणि त्यानेही जोडले. फोटोत घंटेचा जेमतेम काठ आलाय. तेवढा पुरे. त्या क्षणी मी “आत्या, इकडे बघ” म्हटलं असतं, तर तिने आधी चष्मा नाकावर घेतला असता, मग पदर सारखा केला असता आणि पासपोर्टला बसल्यासारखी उभी राहिली असती.

आपल्या घरांत “इकडे बघ” या दोन शब्दांनी जितके फोटो वाया गेलेत, तितके हात हलल्यामुळे गेले नसतील.

होमाई व्यारावाला ही आपल्या देशातली पहिली स्त्री छायापत्रकार. नेहरू, माउंटबॅटन, दलाई लामा असे कितीतरी जण तिच्या कॅमेऱ्यात आले. पण तिचं पहिलं काम होतं ते एका सहलीचे फोटो काढण्याचं. तेव्हा ती मुंबईत कॉलेजात शिकत होती. ते फोटो वर्तमानपत्रात छापून आले आणि पुढची कामं मिळत गेली. मला ही गोष्ट फार आवडते. सहल म्हणजे किरकोळ विषय, असं म्हणणाऱ्यांना ऐकवायला बरी पडते.

उन्हाचं मात्र बघावं लागतं. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, गोरीगोमटी माणसंसुद्धा आजारी दिसतात. त्यात घाटाचा दगड काळा. एवढा काळोख बघून फोन सगळं चित्र उजळवतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. चेहऱ्यावर बोट टेकवा आणि बहुतेक फोनांत जे सूर्याचं चिन्ह दिसतं ते जरा खाली ओढा. पण त्याहून सोपं म्हणजे दुपारी वाड्यात शिरा. चौकात ऊन असतं, ओसरीवर सावली. चौकाकडे तोंड करून उंबऱ्याशी बसलेल्या माणसावर जो उजेड येतो, तो स्टुडिओवाल्याला दिवे लावूनही सहज जमत नाही. काका तिथे खांबाला टेकून बूट काढून तळवा चोळत बसले होते. त्यांना अजून माहीत नाही, पण वर्षातला त्यांचा सगळ्यात देखणा फोटो तोच.

नदीवर धुणं धुणाऱ्या बायका असतात, देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या आजी असतात. त्या आपल्या सहलीची सजावट नाहीत. विचारा, ‘नको’ म्हणाल्या तर फोन खिशात टाका. “काढा की, पण आधी तोंड पुसते,” असंही ऐकायला मिळतं, मग थांबा.

आणखी एक. जी व्यक्ती फोटो काढते, ती कुठल्याच फोटोत नसते. बहुतेक घरांत ही ठरलेली असते. परत निघण्याआधी अर्धा तास फोन भाच्याच्या हाती दिला. त्याने गुडघे काढले, एक कुत्रं काढलं, रसवंतीचा चरक काढला, आणि ग्लास तोंडाला लावून डोळे मिटलेली मी काढली. त्याच्या उंचीवरून आम्ही मोठी माणसं बरीच विनोदी दिसतो.

यापुढचं काम घरी बसून करायचं आहे आणि तेच कुणी करत नाही. एकाच ओळीचे सारखे दिसणारे वीस फोटो ग्रुपवर ओतू नका. त्यातले चार-पाच निवडा, बाकीचे पुसून टाका. निवडलेले कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून छापून घ्या आणि मागे नावं, गाव, तारीख लिहा. आणि ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही, त्यांना त्यांचा फोटो नेऊन द्या, या दिवाळीच्या आत.