देहस्वातंत्र्याचे वकील

साथीच्या दिवसांत लस टोचून घ्यावी की नाही, अंगात ताप असता लग्नाच्या पंगतीस बसावे की घरी पडून राहावे, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला असून त्यात सरकारने वा शेजाऱ्याने नाक खुपसू नये, असे फर्मान एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच काढले आहे. त्यांची कैफियत थोडक्यात अशी : देह माझा, त्याचे बरेवाईटही माझे, ज्यांना भीती वाटते त्यांनी स्वतःस जपावे, आणि सक्तीचे फळ पुण्याने १८९७ सालच्या प्लेगात भोगलेच आहे.

देह त्यांचा, हे कबूल. खोकला मात्र सर्वांच्या वाट्यास येतो. राहिले स्वतःस जपणे. गोवराची पहिली लस आपल्याकडे नवव्या महिन्यानंतर देतात. सहा महिन्यांच्या बाळाने स्वतःस कसे जपावे, याची तजवीज गृहस्थांनी सांगितलेली नाही.

पण मला खरा राग आहे तो पुण्याच्या दाखल्याचा. प्लेग कमिटीचे प्रमुख रँडसाहेब यांच्या अमलात गोरे शिपाई घराघरांत शिरले, माजघर व देवघर त्यांनी सारखेच तुडविले, बायकांची तपासणी चारचौघांत झाली, सामानसुमान रस्त्यावर फेकले गेले; लोक खवळले ते या बेमुर्वतपणावर. रोग आवरण्याच्या खटपटीशीच त्यांचे वैर असते, तर टिळकांनी त्याच शहरात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ कशाला चालविले असते, आणि सावित्रीबाई फुल्यांनी रोगी मूल स्वतः उचलून दवाखान्यात आणून, त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी प्राण कशाला सोडले असते? पुढे वर्षानुवर्षे आमच्या गावांत प्लेगची वर्दी कोणा अंमलदाराच्या आधी आढ्यावरून पडलेला मेलेला उंदीर देई. तो दिसला की घरास कुलूप घालून, पोरेबाळे, गुरेढोरे व चार भांडी घेऊन माणसे शिवारात झोपड्या टाकीत आणि साथ ओसरेपर्यंत उन्हापावसात तेथेच राहत. एखादा म्हणाला असता, ‘घर माझे, उंदीर माझा, मी येथेच राहणार’, तर गावाने त्याच्या तत्त्वनिष्ठेचा कोणत्या शब्दांत सत्कार केला असता, ते येथे छापण्याजोगे नाही.

हा वाद तसा जुनाच. देवी टोचण्याच्या काळी याच पंथाचे पूर्वसूरी म्हणत की, देवीच्या इच्छेत माणसाने ढवळाढवळ करू नये. तेव्हा दैवाची इच्छा आड येत होती, आता व्यक्तीची येते. पुढे १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्या पंथाने कोणाचे आभार मानल्याचे ऐकिवात नाही.

मग करावे काय? ज्या रोगाची बाधा दुसऱ्यास होते, त्यात माझ्या मर्जीस साथ चालू असेतोवर मर्यादा असावी. दंड शेवटी, आधी घरोघरी ओळखीची आरोग्यसेविका जावी. शिपाई मुळीच नको. आणि ज्याला घरी बसविले, त्याच्या दारात शिधा व हातात बुडालेली मजुरी पोचावी. कारण ताप लपवून कामावर जाणारा हमाल स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान आचरीत नसतो, त्याच्या घरी त्या दिवशीचे पीठ संपलेले असते. गृहस्थांच्या एवढ्या लांबलचक लेखात त्या हमालाला एक ओळही मिळालेली नाही.